स्विचशी बोलायचं कसं? कन्सोल ते एसएसएच, १६ खुसखुशीत गोष्टी

ऑफिस असो, कॉलेजची लॅब असो की हॉस्पिटलचा बिलिंग काउंटर. नेटवर्कच्या सगळ्या तारा शेवटी एका चपट्या पेटीत शिरतात. ती पेटी म्हणजे स्विच. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, माउसही नाही. तरी त्याला नाव द्यायचं, पोर्ट बंद-चालू करायचे, अकाउंट्स आणि स्टोअर्सची जाळी, म्हणजे व्हीलॅन, वेगळी पाडायची, तर त्याच्याशी बोलावंच लागतं. हे बोलणं होतं कमांड लाइनवर: काळा पडदा, लुकलुकणारा कर्सर आणि एका वेळी एक आज्ञा. त्या कर्सरपर्यंत पोहोचायच्या वाटेवर साठ वर्षांचा इतिहास, कोर्टकचेऱ्या आणि भल्याभल्यांची उडालेली झोप असं सगळं भेटतं. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा पटते: जाळं कितीही आधुनिक होवो, अडचणीच्या वेळी कामाला येतो तो सगळ्यात जुना आणि साधा दरवाजा.

१. दिसतं एक, असतं दुसरंच

स्विचवर ‘कन्सोल’ असं लिहिलेलं एक पोर्ट असतं. आकार थेट लॅन केबलच्या पोर्टचा, आठ पिनांचा आरजे-४५. नवखा माणूस तिथे लॅन केबल खुपसतो आणि काहीच घडत नाही, कारण आत इथरनेट नाहीच. तिथे चालतं आरएस-२३२, म्हणजे १९६० साली अमेरिकेत ठरलेलं सीरियल जोडणीचं मानक. इथरनेटची कल्पना झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत कागदावर उतरली १९७३ मध्ये. म्हणजे इथरनेटच्या पेटीत शिरायचा मुख्य दरवाजा इथरनेटपेक्षा तेरा वर्षांनी जुना! त्याची रीतही न्यारी: इथे ‘१’ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ‘०’ म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट.

२. सरळ केबल इथे चालत नाही

स्विच बनवणाऱ्या सिस्को कंपनीची फिकट निळी, चपटी कन्सोल केबल नेटवर्कवाल्यांच्या बॅगेत हमखास सापडते. तिला रोलओव्हर म्हणतात. एका टोकाची १ नंबरची पिन दुसऱ्या टोकाच्या ८ नंबरला, २ नंबरची ७ ला, अशी आठही तारांची पूर्ण उलटापालट. दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरून तारांचे रंग पाहिले, की केबल रोलओव्हर आहे की साधी, हे टेस्टर नसतानाही कळतं.

३. दहा लाख पट हळू, तरी लाडका

कन्सोलचा रुळलेला वेग ९६०० बॉड. त्यात ८ डेटा बिट, पॅरिटी नाही आणि १ स्टॉप बिट. सुरुवातीचा एक बिट धरला तर प्रत्येक अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. २४ ओळी आणि ८० रकान्यांचा पूर्ण पडदा भरायला दोन सेकंद! त्याच स्विचवरचं १० गिगाबिटचं पोर्ट या कन्सोलपेक्षा सुमारे दहा लाख पट वेगवान असतं. पण आज्ञा माणूस टाइप करतो, आणि माणसाच्या बोटांना सेकंदाला ९६० अक्षरं भरपूर झाली.

४. पडद्यावर गिचमिड? घाबरू नका

केबल जोडली आणि पडद्यावर चित्रविचित्र चिन्हं उमटली, तर स्विच बिघडला असं समजू नका. बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचा वेग जुळलेला नसतो. सिस्को आणि ज्युनिपर कंपन्यांचे स्विच बहुधा ९६०० वर बोलतात. मिक्रोटिकची बहुतेक उपकरणं आणि अरुबाची सीएक्स मालिका ११५२०० वर. आकडा बदलला की पडदा लख्ख वाचता येतो. आणि अजिबातच काही दिसत नसेल तर? आधी एकदा एंटर दाबून बघा. पुष्कळदा स्विच तुमच्या पहिल्या एंटरचीच वाट पाहत असतो.

५. सहा तासांचं काम अर्ध्या तासात

स्विचमधली सॉफ्टवेअरची फाइल खराब झाली, नेटवर्क उठत नाही, तर काही स्विचमध्ये नवी फाइल कन्सोलमधूनच ढकलता येते. त्यासाठी वापरतात एक्समोडेम, वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ साली लिहिलेली फाइल पाठवायची पद्धत. आता हिशेब करा. २० एमबीची फाइल ९६०० च्या वेगाने पाठवायला सहा तास लागतात. म्हणून जाणकार आधी दोन्हीकडचा वेग ११५२०० करून घेतात. तेच काम मग अर्ध्या तासावर येतं. काम झालं की वेग पुन्हा ९६०० वर आणायला मात्र विसरायचं नाही, नाहीतर पुढच्या माणसाच्या नशिबी वरची गिचमिड!

६. लॅपटॉपला भोकच नाही

नऊ पिनांचं सीरियल पोर्ट आजच्या लॅपटॉपवरून गायब झालं आहे. मधे लागतो यूएसबी-टू-सीरियल कन्व्हर्टर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, अशा केबल सहज मिळतात. खरी किंमत आतल्या चिपची. ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीच्या चिपच्या नकला इतक्या माजल्या, की २०१४ साली विंडोज अपडेटमधून आलेला तिचा ड्रायव्हर नकली चिप ओळखून तिचा ओळख क्रमांक शून्य करू लागला. कालपर्यंत चालणाऱ्या केबल एका रात्रीत मुक्या झाल्या. जगभर ओरड झाली आणि कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. केबल घेताना चिप कुठली ते विचारा. चार पैसे जास्त गेले तरी ते वसूल होतात.

नव्या स्विचवर थेट यूएसबी कन्सोलही असतो. सिस्कोच्या स्विचला दोन्ही एकदम जोडले तर मान यूएसबीला मिळतो. आरजे-४५ वाल्याला पडद्यावर दिसतं सगळं, पण त्याचं टाइप केलेलं ऐकलं जात नाही.

७. एका प्रोग्रॅमरची जगाला भेट

विंडोज एक्सपीपर्यंत कन्सोलशी बोलायचं हायपरटर्मिनल संगणकासोबतच यायचं. व्हिस्टामध्ये ते काढून टाकलं आणि नेटवर्कवाले नवा आधार शोधू लागले. तो त्यांना मिळाला पुटीमध्ये. केंब्रिजच्या सायमन टॅथम यांनी लिहिलेला हा छोटासा, मोफत आणि खुला प्रोग्रॅम. आधी त्यात लांबून बोलायचे टेलनेट आणि एसएसएच हे रस्ते होते. २००७ साली सीरियल जोडणीही आली. तेव्हापासून कन्सोल, टेलनेट आणि एसएसएच असे तिन्ही रस्ते एकाच खिडकीतून जातात. लिनक्स आणि मॅकवाल्यांना ‘स्क्रीन’ ही एक आज्ञा पुरते.

८. पहिला स्विच ‘कल्पना’चा

१९९० साली सिलिकॉन व्हॅलीतल्या एका कंपनीने सात पोर्टचा इथरस्विच बाजारात आणला. अनेक पोर्टचा हा पहिला इथरनेट स्विच. कंपनीचं नाव होतं कल्पना! संस्थापक विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर. नाव भारद्वाज यांच्या पत्नीचं. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. त्याच्या आदल्या वर्षी सिस्कोने क्रेसेंडो ही कंपनी घेतली होती. तिच्यातून कॅटॅलिस्ट मालिका उभी राहिली आणि तिच्यासोबत आली कॅटओएस, ‘सेट’ने सुरू होणाऱ्या आज्ञांची वेगळी भाषा. सिस्कोच्या राउटरवर एक बोली आणि स्विचवर दुसरी, असा संसार इंजिनिअरांनी कित्येक वर्षं केला.

९. आयपी नसला तरी स्विच खूश

स्विचला स्वतःचा आयपी पत्ता नसला तरी तो दिवसरात्र डेटा पोहोचवत राहतो. त्याला फक्त जोडलेल्या यंत्रांचे मॅक पत्ते कळले की झालं. आयपी लागतो तो आपल्याला, लांबून त्याच्याशी बोलण्यासाठी. म्हणूनच नव्या स्विचची पहिली भेट बहुधा कन्सोलवर होते: केबल लावा, व्हीलॅनला आयपी द्या, दुसऱ्या नेटवर्कमधून यायचं असेल तर डिफॉल्ट गेटवे सांगा. त्यानंतर चौथ्या मजल्यावरच्या रॅकपर्यंत जिने चढायची गरज उरत नाही.

१०. एका चिन्हात अख्खा अधिकार

सिस्कोच्या स्विचवर आत गेलात की नावापुढे > दिसतं. म्हणजे तुम्ही पाहुणे: थोडंफार बघा, हात लावू नका. ‘इनेबल’ म्हटलं, पासवर्ड दिला, की > जाऊन # येतं. आता तुम्ही घरधनी. अधिकारांच्या पायऱ्या आहेत ० ते १५, म्हणजे एकूण सोळा. पाहुणा असतो १ नंबरच्या पायरीवर आणि # वाला १५ नंबरच्या. पुढे ‘कॉन्फिगर टर्मिनल’ म्हटलं की बदल करायची मुभा मिळते.

ही आज्ञा कुणी पूर्ण लिहीत मात्र नाही. ‘कॉन्फ टी’ एवढ्यावर काम भागतं, कारण दुसऱ्या कुठल्या आज्ञेशी घोटाळा होणार नाही इतकी अक्षरं दिली की स्विच पुढचं समजून घेतो. अडलात तर ? दाबा. त्या जागी काय काय लिहिता येईल याची यादी समोर हजर! अर्धा शब्द लिहून टॅब दाबला तर उरलेला शब्द स्विच पूर्ण करतो. हजारो आज्ञा पाठ करायची गरजच नाही. कुठे काय विचारायचं ते कळलं की पुरे.

११. एक अक्षर चुकलं आणि स्विच शोधाला निघाला

नवशिक्यांना हमखास चकवणारी गंमत ही. प्रॉम्प्टवर ‘शो’ या आज्ञेऐवजी भलताच एखादा अक्षरसमूह टाइप झाला, की सिस्कोच्या स्विचला वाटतं हे एखाद्या मशीनचं नाव असेल आणि तुम्हाला तिथे टेलनेट करायचं असेल. मग तो त्या नावाचा पत्ता शोधायला निघतो. डीएनएस सर्व्हर माहीत नसेल तर २५५.२५५.२५५.२५५ वर, म्हणजे अख्ख्या नेटवर्कला हाक मारतो. तोवर तुमचा कर्सर गप्प. सुटका हवी असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि ६ एकदम दाबा. कायमचा इलाज हवा असेल तर ‘नो आयपी डोमेन लुकअप’ ही एक ओळ घाला. कित्येक इंजिनिअर नव्या स्विचवर सगळ्यात आधी हीच ओळ लिहितात.

१२. पासवर्ड नाही? मग प्रवेशही नाही

साधारण समज असा, की पासवर्ड ठेवला नाही तर दार सताड उघडं. सिस्कोच्या स्विचवर लांबून येणाऱ्यांसाठी याच्या नेमकं उलट आहे. टेलनेटच्या लाइनला लॉगिन लागू असेल आणि पासवर्ड ठेवलेलाच नसेल, तर स्विच ‘पासवर्ड हवा, पण ठेवलेला नाही’ असं सांगून जोडणी तोडतो. शहाणपणाची व्यवस्था आहे ही. कन्सोलवर येणारा माणूस निदान रॅकपर्यंत चालत आलेला असतो; लांबून येणारा कुठूनही येऊ शकतो.

१३. बावीस नंबरचं दार एका मेलवर मिळालं

टेलनेट १९६९ सालचं. त्यावर सगळं उघडं जातं, पासवर्डसुद्धा. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकले. तिथले संशोधक तातू उलोनेन यांनी मग एसएसएच लिहिलं, ज्यात सगळं बोलणं कुलूपबंद जातं. एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३, मधला २२ मोकळा होता. जुलै १९९५ मध्ये त्यांनी क्रमांक वाटणाऱ्या संस्थेला मेल करून तो मागितला आणि दुसऱ्याच दिवशी होकार आला. आज जगभरातले स्विच, राउटर आणि सर्व्हर त्याच २२ नंबरवर ऐकत बसलेले असतात.

स्विचवर एसएसएच सुरू करताना एक अट आडवी येते. आधी होस्टनेम आणि डोमेन नेम द्यावं लागतं, कारण एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांच्या जोडीला नाव त्यावरूनच पडतं. आणि सिस्कोच्या सॉफ्टवेअर फाइलच्या नावात ‘के-९’ दिसलं, तर त्यात मजबूत एन्क्रिप्शन आहे. अमेरिकेच्या निर्यात नियमांमुळे ही खूण पडली.

१४. ‘अ‍ॅड’ हा तीन अक्षरी रक्षक

दोन स्विचना जोडणाऱ्या ट्रंक पोर्टवर दहा व्हीलॅन चालू आहेत. तुम्हाला अकरावा जोडायचा आहे. आज्ञेत ‘अ‍ॅड’ हा शब्द लिहिलात तर अकरा होतात. तो राहिला, तर जुने दहा पुसले जातात आणि एकटा नवा उरतो! क्षणात अख्ख्या मजल्याचे फोन वाजू लागतात. त्यातून तुमचं स्वतःचं सेशन त्याच ट्रंकवरून आलेलं असेल, तर चूक सुधारायचा रस्ताही बंद. आपण बसलो तीच फांदी तोडण्याचा हा नेटवर्कमधला अवतार.

यावर सुंदर उपाय आहेत. सिस्कोवर धोक्याचं काम करण्याआधी चालू कॉन्फिग, म्हणजे सगळ्या सेटिंग्ज, सेव्ह करून ‘रीलोड इन १०’ म्हणा. दहा मिनिटांत तुम्ही स्वतः ते रद्द केलं नाही, तर स्विच रीबूट होऊन जुन्या कॉन्फिगसह परत येतो. ज्युनिपरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ आहे: दहा मिनिटांत दुसऱ्यांदा होकार दिला नाही तर बदल आपोआप मागे. मिक्रोटिकवर कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोड सुरू करता येतो. जोडणी तुटली की केलेले बदल रद्द. लांबच्या गावातल्या शाखेचा स्विच सांभाळणाऱ्याने हे अंगवळणी पाडावंच. एक एसटीचा प्रवास नक्की वाचतो!

१५. एका बटणाची करामत

पासवर्ड विसरलात? कॅटॅलिस्टच्या अनेक मॉडेलवर मोड बटण दाबून धरत वीज चालू करा, बूटलोडर उघडतो. तिथे कॉन्फिगच्या फाइलचं नाव बदललं की स्विच पासवर्ड न विचारता उठतो. मग फाइलचं जुनं नाव परत द्यायचं, कॉन्फिग चढवायचं आणि नवा पासवर्ड ठेवायचा. सोय मोठी आहे आणि धोकाही तितकाच: ज्याचा हात स्विचपर्यंत पोहोचतो, त्याच्या ताब्यात स्विच. रॅकला कुलूप हवं ते यासाठीच.

याच बटणाने सिस्कोलाही चक्रावून टाकलं होतं. कॅटॅलिस्ट ३६५० आणि ३८५० च्या काही मॉडेलमध्ये मोड बटण पहिल्या पोर्टच्या अगदी डोक्यावर होतं. प्लगवर रबरी टोपी असलेली केबल त्या पोर्टमध्ये घातली की टोपी बटण दाबून धरायची आणि काही सेकंदांत स्विच कॉन्फिग टाकून नव्याने सुरू व्हायचा! कंपनीला त्यासाठी रीतसर नोटीस काढावी लागली. उपाय सोपा निघाला: टोपी नसलेली केबल वापरा किंवा बटणाचं ते काम एका आज्ञेने बंद करा.

१६. आज्ञा कुणाच्या मालकीच्या?

डिसेंबर २०१४ मध्ये सिस्कोने अरिस्टा कंपनीला कोर्टात खेचलं. आरोप असा, की अरिस्टाने सिस्कोच्या पाचशेहून अधिक कमांड जशाच्या तशा उचलल्या. अरिस्टाचं म्हणणं, या आज्ञा आता साऱ्या उद्योगाची बोलभाषा झाल्या आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये ज्यूरीने कॉपीराइटच्या दाव्यात अरिस्टाला दोषमुक्त केलं: अशा कामात असे शब्द ओघाने येणारच, हा बचाव मान्य झाला. पेटंटचे खटले मात्र चालूच होते. शेवटी ऑगस्ट २०१८ मध्ये अरिस्टाने ४० कोटी डॉलर देऊन सिस्कोशी सगळ्याच वादांवर तडजोड केली. काळ्या पडद्यावरच्या रुक्ष दिसणाऱ्या ओळींची किंमत अशी असते.

झटपट मूठभर

• लांबून लॉगिन केल्यावर स्विचचे इशारे दिसत नसतील तर ‘टर्मिनल मॉनिटर’ म्हणा. कन्सोलवर ते आपोआप येतात.
• टाइप करताना मधेच इशारा घुसून ओळ तुटते? ‘लॉगिंग सिंक्रोनस’ लावा.
• पानापानाने थांबत येणारा मजकूर सलग हवा असेल तर ‘टर्मिनल लेंग्थ ०’.
• दहा मिनिटं काहीच केलं नाही तर सिस्कोचा स्विच तुम्हाला स्वतःहून बाहेर काढतो.
• केलेला बदल आधी रॅममध्येच असतो. ‘राइट’ केलं नाही आणि वीज गेली, की मेहनत पाण्यात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं

४ ऑक्टोबर २०२१. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि व्हॉट्सअ‍ॅप अचानक बंद पडलं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामही. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकच्या डेटा सेंटरांना जोडणारं मुख्य जाळंच तुटलं. चुकीची आज्ञा अडवणाऱ्या साधनातही दोष होता. अडचणीच्या वेळेसाठी ठेवलेला वेगळा रस्ताही चालेना. इंजिनिअरांना थेट डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं, तिथली कडक सुरक्षा ओलांडून उपकरणांपर्यंत पोहोचावं लागलं. सुमारे सहा तास गेले. पुढच्या वर्षी, ८ जुलै २०२२ रोजी, कॅनडाच्या रॉजर्स कंपनीचं नेटवर्क कोसळलं. तिथेही दुरुस्तीचा रस्ता मुख्य जाळ्यावरच अवलंबून होता, म्हणून जाळं पडलं तसा तोही गेला.

तुमचं नेटवर्क चोवीस पोर्टचं असो की चोवीस हजारांचं, धडा एकच आहे. स्विचपर्यंत जाणारा एक रस्ता असा ठेवा जो त्या स्विचवरच अवलंबून नाही. मोठ्या ठिकाणी त्यासाठी कन्सोल सर्व्हर आणि वेगळी जोडणी असते; छोट्या ऑफिसात एक चालू कन्सोल केबल, ड्रायव्हर टाकलेला लॅपटॉप आणि जवळ लिहून ठेवलेला बॉड रेट एवढं पुरतं. आणि हात बसवायला खरा स्विचही लागत नाही. सिस्को नेटवर्किंग अकादमीचं पॅकेट ट्रेसर हे सिम्युलेटर मोफत मिळतं, त्यात कन्सोल केबलही आहे. आज रात्री एक स्विच मांडा, आयपी द्या आणि एसएसएच सुरू करा. हे सगळं घरी निवांतपणे करून झालेलं असलं, की सर्व्हर रूममध्ये सगळे तुमच्या तोंडाकडे बघत असतानाही हात डगमगत नाही.